तिसऱ्या मजल्यावरची बेगमी: पावसाळ्याच्या चार महिन्यांचं धान्य, तिखट आणि वाळवण फ्लॅटमध्ये कसं भरावं

पाच वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी मी गव्हाच्या कोठीचं झाकण उघडलं आणि कुबट वासाचा भपकारा आला. वरचा चार बोटं थर हिरवट पडून ढेकळासारखा बसला होता. आई खुर्चीतूनच म्हणाली, "गरम असतानाच भरलास ना रे?"

भरला होता. एप्रिलमध्ये गच्चीवर दिवसभर वाळवलेला पन्नास किलो गहू, वळवाचं आभाळ भरून आलं म्हणून घाईघाईनं खाली आणला, तापलेलाच कोठीत ओतला आणि झाकण गच्च लावलं. दाण्यातला ओलावा वाफ होऊन वर गेला, रात्री पत्र्याचं झाकण गार झालं, वाफेचे थेंब झाले आणि ते परत गव्हावर पडले. वरचा थर फेकला. तो गाईला घालायला निघालो होतो, तर आईनं तेही करू दिलं नाही. बुरशी लागलेलं धान्य पुन्हा उन्हात टाकून किंवा भाजून निर्धोक होत नाही, त्यातलं विष तसंच राहतं. माणसाला नको ते गाईलाही नको.

आई सांगोला तालुक्यातली. तिच्या लहानपणी घरात ज्वारीची कणगी (धान्याचं विणलेलं मोठं टोपलं) होती, भिंतीतच बांधलेलं धान्याचं कोठार, म्हणजे बळद होतं, माजघरात एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड होती. आता ती पुण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असते. गुडघ्यांमुळे तिला गच्ची चढवत नाही, बायको बँकेत नोकरी करते, म्हणून गेली सहा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. आई सांगते, मी करतो, आणि चुकलो की ती पुन्हा सांगते. जे जमलं आणि जे नासलं, ते सगळं इथे लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. जुन्या घरात सगळं घरीच व्हायचं, असं नव्हतं. मीठ विकतचं, गूळ बाजाराचा, तेल तेल्याकडून, मडकी कुंभाराकडून. त्या घराला येत होतं ते वेगळंच: कुठली गोष्ट कधी स्वस्त आणि कोरडी मिळते, ती कधी वाळवायची आणि कुणाच्या हाताखाली कुणाचा हात घालायचा. शेतात सावड असायची, म्हणजे आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्यात तुम्ही. पापड-कुरडयांनाही तोच नियम. एकट्या बाईनं वर्षाचे पापड लाटले, असं आईनं कधी पाहिलं नाही. आणि या सगळ्याला हौस म्हणायलाही ती तयार नसते. "तुम्हाला हौस आहे, आम्हाला धाक होता," असं म्हणते. १९७२ च्या दुष्काळात कणगी तळाला गेली तेव्हा रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणि दुष्काळी कामावर मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ खाऊन दिवस काढलेले तिला आठवतात. भरलेली कणगीसुद्धा लागोपाठच्या कोरड्या सालांना पुरत नाही.

वर्षाचं नव्हे, चार महिन्यांचं

पहिल्या वर्षी मी वर्षाचं भरायला गेलो, तीच चूक. फ्लॅटमध्ये तेवढी जागा नसते, आणि पुण्यातलं वाण्याचं दुकान श्रावणात बंद होत नाही. जुनी बेगमी मुळात पावसाळ्यासाठीच होती. रस्ते चिखलात जात, ओढे वाहत, उन्हाचा पत्ता नसे आणि शेताच्या कामात बाजाराला वेळ नसे. कोकणात तर याला आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची खरेदी म्हणतात, आणि गोव्यात पुरुमेंत. तिथे मे महिन्यात सुकी मासळी, मिरची, कोकम, कांदे असं सगळं त्या नावाखाली भरतात. आजही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे सुकट-बोंबलाचा डबा अजून अर्थ राखून आहे.

म्हणून मी जूनपासून सप्टेंबरपर्यंतचं धान्य आणि डाळी भरतो. तिखट, हळद, चिंच, लोणचं आणि वाळवण मात्र वर्षाचं, कारण ते एकदाच होतं.

पायरी पहिली: पौष-माघात वही

खरेदीच्या आधी दोन महिने घरात काय किती लागतं ते लिहून काढा. अंदाज करू नका, अंदाज हमखास चुकतो. नवा पुडा किंवा डबा उघडला की तारीख टाका, संपला की तारीख टाका. आमच्या चार माणसांच्या घरात महिन्याला गहू ७ किलो, ज्वारी ४, तांदूळ ५ आणि तूरडाळ २ किलो निघाली. मला गहू १२ किलो लागतो असं वाटत होतं. आम्ही आठवड्यातून किती वेळा बाहेर जेवतो, हे त्या वहीनं सांगितलं.

चार महिन्यांचा हिशेब झाला गहू २८, ज्वारी १६, तांदूळ २०, तूरडाळ ८ किलो. एवढंच. कोपऱ्यातल्या दोन कोठ्या आणि चार डबे. गव्हाच्या ५० किलोला साधारण ६५ ते ७० लिटरची कोठी लागते. त्या मापानं आपापली भांडी ठरवा.

नवीन असाल तर पहिल्या वर्षी फक्त गहू, तिखट आणि एक वाळवण करा. बाकी पुढल्या वर्षी.

पायरी दुसरी: कशाची वेळ कधी

हे कोष्टक आईच्या तोंडी होतं, मी भिंतीवर लावलं आहे.

तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, नवी डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी. हरभरा आणि रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्च. मिरची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, पण रंगाची चांगली मिरची आधी संपते. चिंच मार्चमध्ये. गहू आणि हळद मार्च-एप्रिल. साठवणीचा कांदा एप्रिलअखेर. लोणच्याची कैरी एप्रिल-मे, वळवाचे एकदोन सडाके होऊन गेले की बाजारात करकरीत कैरी येते, पण फार थांबलात तर ती पाडाला लागते. तांदूळ उलटा: नवा दिवाळीनंतर येतो पण तो चिकट होतो, म्हणून मार्चमध्ये आदल्या सालचा जुना तांदूळ मागा. हातसडीचा तांदूळ मात्र साठवू नका. त्यावरच्या कोंड्यात तेल असतं, तो लवकर खवट होतो. तो महिन्याचा महिन्याला घ्यावा.

शेवटची तारीख मृगाची, म्हणजे ७-८ जून. रोहिणीत वळीव पडायला लागतात, त्यामुळे खरं वाळवण मेच्या तिसऱ्या आठवड्यात आटोपलेलं बरं. उशीर झाला की कुरडईला वास येतो.

ज्वारीबद्दल थोडं. मी सोलापूरकडचा असल्यामुळे मालदांडी या वाणावर अडून बसतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ते काळ्या कसदार मातीतल्या, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर आलेल्या या पिकाला मिळालेलं आहे. दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरी गोडसर आणि गार झाली तरी मऊ. बाजारात मालदांडी म्हणून काहीही विकतात. मूठभर घ्या, दाण्यावर काळे ठिपके असतील तर पावसात भिजलेली आहे, सोडून द्या.

बाजरी उन्हाळ्यात भरू नये. ती कार्तिकात निघते, थंडीतच खावी, आणि पीठ तर आठ-दहा दिवसांत कडू होतं. पीठ कुठलंच साठवायचं नसतं. दाणा टिकतो, पीठ टिकत नाही. पंधरा दिवसांचं दळण आणायचं.

पायरी तिसरी: गहू भरणे

मी लोकवन जातीचा गहू घेतो, कारण रोजच्या पोळीला तो परवडतो. शरबती महाग पण पोळी मऊ. खपली सोलून घ्यावा लागतो आणि त्याची खीर छान होते, तो वेगळा पाच किलो.

विकत घेताना एक दाणा दातांखाली धरा. कट्‌कन आवाज होऊन तुटला तर कोरडा. दाबला गेला, चपटा झाला तर ओला. दातावर विश्वास नसेल तर दुसरी परीक्षा: काचेच्या कोरड्या बरणीत पाव भाग धान्य आणि त्यात दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ घाला, झाकण लावून चांगलं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ बरणीच्या काचेला चिकटलं तर धान्यात साठवणीला नको इतका ओलावा आहे. मोकळं राहिलं तर चालेल, तरी उन्ह द्यायचंच. बाजारातला गहू भरवशाचा कोरडा नसतो, कारण वजन ओल्याचंच जास्त भरतं.

मग काम असं:

१. चाळा आणि पाखडा. बारीक खडे, फुटका दाणा आणि भुसा वेगळा झाला पाहिजे. किडीला फुटका दाणा आधी सापडतो. सूप वापरता येत नसेल तर मोठ्या परातीत थोडा थोडा घेऊन निवडा. मला अजून पाखडता येत नाही, अर्धा गहू बाहेर जातो. आई हे बघून रोज एकदा हसते.

२. गच्चीवर स्वच्छ चादरीवर किंवा ताडपत्रीवर दोन बोटांपेक्षा जाड नसेल असा पसरा. सकाळी दहा ते दुपारी चार, दोन किंवा तीन दिवस. तासाभरानं पायानं किंवा हातानं वरखाली करा. पातळ थर नीट तापला की दाण्यातली अंडी-अळ्याही मरतात. जाड थरात वरचाच गहू तापतो.

३. संध्याकाळी खाली आणा आणि रात्रभर पसरून गार होऊ द्या. माझी चूक इथे झाली होती. हाताला पूर्ण गार लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा.

४. कोठी आधी धुऊन दोन दिवस उन्हात वाळलेली हवी. मागच्या वर्षीचा एकही दाणा कोपऱ्यात राहू नये. जुन्या धान्यातलीच कीड नव्याला लागते.

५. तळाला कडुनिंबाचा पाला. तो सावलीत आठ दिवस वाळवून कुरकुरीत झालेला हवा. ओला पाला टाकून ओलावा घालणारे मी पाहिले आहेत. दर दहा किलोंनंतर एक थर. पाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधला तर दळायच्या आधी निवडायचा त्रास वाचतो.

६. कोठी काठोकाठ भरा. वरती हवेची पोकळी जितकी कमी तितकं बरं. मोकळी राहत असेल तर लहान भांड्यात भरा. झाकणाखाली जुन्या सुती कापडाची घडी ठेवा, ती उरलासुरला ओलावा शोषते. कोठी भिंतीला टेकवू नका, खाली पाट किंवा विटा हव्यात.

७. आणि झाकण रोज उघडायचं नाही. पंधरा दिवसांचा गहू एकदाच काढून दुसऱ्या डब्यात घ्यायचा. कोठी ज्या दिवशी उघडाल तो उन्हाचा किंवा निदान कोरडा दिवस असावा, ओले हात नसावेत. भर पावसात झाकण उघडलं की आत बाष्प गेलं.

ज्वारीला हीच पद्धत. तांदळाला उन्ह देऊ नका, दाणा तडकतो आणि भाताचा लगदा होतो. तांदूळ सावलीत पसरून, दहा किलोला साधारण ४० मिलीलिटर शुद्ध एरंडेल हाताला लावून चोळायचा. शिजवायच्या आधी तीन पाण्यांनी धुतला की वास जातो.

काय घालू नये

हे जरा आवाज चढवूनच सांगतो. धान्याच्या कोठारात वापरतात त्या विषारी वायूच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, घरात कधीही आणू नका. दमट हवा लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं मेलेली आहेत. दुकानदार "एकच गोळी टाका" म्हणाला तरी नको. पाऱ्याच्या टिकड्याही मिळतात, त्याही नकोत. बोरिक पावडर कित्येक जुन्या घरांत तांदळाला लावत, आमच्याकडेही लावत. मी बंद केली. जुनं आहे म्हणून चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही.

डाळी आणि कडधान्यं

अख्ख्या कडधान्याला भुंगेरा लागतो, डाळीला त्या मानानं कमी. म्हणून मूग, मटकी, चवळी दोन महिन्यांपुरतीच घेतो आणि डाळ चार महिन्यांची. कडधान्याला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल किंवा खाद्यतेल चोळून सावलीत तासभर ठेवा. दाणा गुळगुळीत झाला की किडीची अंडी नीट चिकटत नाहीत, चिकटली तरी गुदमरतात. जुन्या घरात हेच काम चुलीच्या राखेनं होई. चाळलेली कोरडी राख कडधान्यात मिसळून मडकं भरून टाकत, आणि खाताना चाळून, धुऊन घेत. गॅसच्या घरात राख कुठून आणणार?

रवा, बेसन आणि पोह्यांसाठी मात्र आजीकडे नव्हता तो उपाय आपल्याकडे आहे. पुडा आणला की चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून बंद पुड्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच डब्यात भरा. अंडी मरतात. थंड असतानाच पुडा फोडलात तर त्यावर ओलावा धरतो.

शेंगदाणे साठवायचे तर शेंगेतच. फोडलेले दाणे एक महिन्याच्या वर नको. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा सरळ टाका, त्यातली बुरशी यकृताला घातक असते.

तिखट

सोलापुरी घरात काळं तिखट, म्हणजे काळा मसाला लागतो. पण वर्षाचा मसाला एकदम करणं मी सोडून दिलं, कारण त्यातलं खोबरं आणि तीळ सहा महिन्यांनी खवट होतात. आता वर्षाचं नुसतं लाल तिखट कांडून आणतो आणि मसाला चार महिन्यांनी ताजा करतो.

मिरचीत रंग, तिखटपणा आणि घट्टपणा एकाच जातीत मिळत नाही, म्हणून मिसळण. ब्याडगीला रंग आहे, जाळ नाही. संकेश्वरीला चव आणि मध्यम तिखटपणा. लवंगीला जाळ. आमचं प्रमाण दोन किलोला ब्याडगी १ किलो, संकेश्वरी पाऊण, लवंगी पाव. मिरची घेताना मुठीत दाबा. मोडते ती कोरडी, वाकते ती ओली. फार तुकतुकीत, तेलकट दिसणारी आणि हाताला रंग सोडणारी घेऊ नका.

दोन दिवस कडक उन्ह, मग देठ काढणं. देठ आधी काढला तर बी सांडतं. तळहातांना तेल चोळून बसा, आणि त्या दिवशी डोळ्याला हात लावू नका (हे लिहितो आहे कारण मी लावला होता). पुन्हा एक उन्ह देऊन त्याच दुपारी, मिरची कडकडीत असतानाच डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर न्या. डंकात कुटलेलं तिखट चक्कीतल्यासारखं तापत नाही, रंग आणि वास राहतो. एप्रिलमध्ये रांग असते, सकाळी नंबर लावून यावा लागतो. आपला माल कुटून होईपर्यंत तिथेच थांबा.

घरी आणलं की परातीत पसरून गार करा. किलोला मूठभर जाडं मीठ मिसळा, बरणीत दाबून भरताना मध्ये मध्ये खडा हिंगाचे दोन-तीन तुकडे ठेवा. रोजच्या मसाल्याच्या डब्यात महिन्याचंच काढायचं.

काळा मसाला करायचा तेव्हा पाव किलो तिखटाला धने १०० ग्रॅम, सुकं खोबरं १००, तीळ ४०, जिरं २०, दगडफूल १०, आणि लवंग, मिरी, दालचिनी प्रत्येकी ५ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस वेगळा, थोड्या तेलावर. धने आणि खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत, बाकी नुसता वास सुटेपर्यंत. सगळं एकदम भाजलं की तीळ जळतात आणि धने कच्चे राहतात.

कुरडई, सावकाश

पापड विकत मिळतात आणि चांगले मिळतात. ते लाटायला हात खूप लागतात. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं, ते या हातांमुळेच. म्हणून आमच्या घरी पापड विकतचे आणि कुरडई घरची. ती विकत मिळते तशी आईला चालत नाही.

एक किलो गहू, शक्यतो नवा. पहिल्या दिवशी सकाळी भरपूर पाण्यात भिजत घाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी बदला. आंबूस वास येणारच, घाबरू नका. तो सडका वाटायला लागला तर मात्र पाणी बदलायचं राहिलं आहे. चौथ्या दिवशी दाणा दोन बोटांत दाबला की पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे.

पाण्यानं दोनदा धुऊन मिक्सरमध्ये पाणी घालत फिरवा. फार बारीक नको, साल नुसतं फुटलं पाहिजे. मोठ्या चाळणीतून गाळा, चोथा पिळा, तो पुन्हा एकदा पाणी घालून फिरवा आणि पिळा. सगळं दूध पातळ कापडातून दुसऱ्यांदा गाळा. पातेलं झाकून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाला घट्ट पांढरा चीक बसलेला आणि वर पिवळसर पाणी. ते पाणी हलक्या हातानं ओतून टाका.

चीक वाटीनं मोजा. जितक्या वाट्या चीक तितक्याच वाट्या पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळत ठेवा. त्यात मीठ आणि हिंग. मीठ हात आखडून घाला, कारण वाळल्यावर ते जास्त लागतं. पाण्याला खळखळून उकळी आली की आच मंद करा. एकानं चीक धारेनं ओतायचा आणि दुसऱ्यानं लाटण्यानं न थांबता घाटायचं. हे काम एकट्याचं नाही. मी एकट्यानं केलं तेव्हा गुठळ्या झाल्या, आणि गुठळी सोऱ्याच्या भोकात अडकली की तो दिवस वाया. घट्ट झालं की झाकण ठेवून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं वाफ द्या, मधून घाटा. पांढरा रंग जाऊन काचेसारखा चमकदार, पारदर्शक दिसला की शिजला. बोट पाण्यात बुडवून लावा, चिकटला नाही पाहिजे.

इथे थांबून सगळ्यांना वाटीवाटीनं गरम चीक दूध-साखर किंवा तूप घालून द्यायचा असतो. आमच्या बिल्डिंगमधली पोरं केवळ त्यासाठी गच्चीवर येतात आणि त्या बदल्यात ताटं वाहतात.

गरम असतानाच शेवेची बारीक जाळी लावलेल्या सोऱ्यात भरा आणि जाड प्लॅस्टिकच्या स्वच्छ कागदावर गोल घाला. गार झाला की दाबताना हात भरून येतात आणि तार तुटते. सकाळी नऊच्या आत घालून झालं पाहिजे, म्हणजे पूर्ण दिवसाचं उन्ह मिळतं. संध्याकाळी उलटवा, घरात आणा, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उन्ह. मोडल्यावर टक्‌ आवाज आला पाहिजे. पहिल्याच दिवशी दुपारी आभाळ आलं तर पंख्याखाली पसरा आणि पहाटेपर्यंत पंखा बंद करू नका.

चोथा फेकायचा नाही. त्यात मीठ, तिखट, तीळ, जिरं घालून भुसवड्या थापायच्या. दिसायला ओबडधोबड, पण तळल्यावर कुरडईच्या आधी त्या संपतात.

आमच्या गच्चीवर हे काम आता चार घरं मिळून करतो. एका रविवारी माझा गहू, पुढच्या रविवारी शेजारच्या काकूंच्या बटाटा-साबुदाण्याच्या पापड्या, मग खालच्या वहिनींचे बिबडे, म्हणजे खानदेशी ज्वारीचे पापड. मला चीक घाटता येतो, काकूंचा हात सोऱ्यावर बसलेला आहे. वाटणीचा हिशेब सोपा: ज्याचा माल त्याचा, आणि मदतीला आलेल्या प्रत्येकाला एक ताट. मात्र सोसायटीच्या गच्चीची किल्ली आणि परवानगी आधी घ्या, आणि पाण्याच्या टाकीवर काही वाळत घालू नका. यावरून आमच्याकडे एक बैठक झालेली आहे.

लोणचं

एक किलो कैरीच्या फोडींना २०० ग्रॅम मीठ, ९० ग्रॅम मोहरीची डाळ, ८० ग्रॅम तिखट, १५ ग्रॅम हळद, १५ ग्रॅम तळून कुटलेली मेथी, १० ग्रॅम हिंग आणि ३०० मिलीलिटर तेल. मीठ कमी करायचा मोह आवरा. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं असेल तर लोणचं कमी खा. मीठच ते टिकवतं.

कैरी धुऊन फडक्यानं पुसून कोरडी करा, मग फोडा. फोडींना हळद-मीठ लावून रात्रभर ठेवा, सुटलेलं पाणी निथळून बाजूला घ्या, फोडी दोन तास सुती कापडावर पसरा. तेल चांगलं तापवून मोहरी-हिंगाची फोडणी करा आणि ती पूर्ण गार करा. गरम फोडणीत मसाला करपतो, फोडी मऊ पडतात. मसाला फोडींना चोळून, थोडं खाराचं पाणी परत घालून बरणीत भरा. चिनी मातीची बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन दिवसभर उन्हात वाळलेली हवी. तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा बांधा. चौथ्या दिवशी कोरड्या डावानं तळापासून हलवा आणि बघा, तेल फोडींच्या बोटभर वर आलं नसेल तर आणखी तेल तापवून, गार करून ओता. बरणीत ओला चमचा गेला की दोष कैरीचा नसतो.

कांदा-लसूण, थोडक्यात

रब्बीचा गरवा कांदा घ्या, मान बारीक आणि वाळलेली, वरचं साल दोन-तीन पदरी. पोत्यात ठेवू नका. बाल्कनीत सावलीला, जाळीच्या ट्रेमध्ये एकावर एक दोनच थर. दर रविवारी हात फिरवून मऊ पडलेला बाहेर काढा, एक सडका दहा सडवतो. बटाटे शेजारी नकोत. आम्ही २० किलो ठेवतो आणि तो गणपतीपर्यंत जातो. लसूण पातीसकट जुडी बांधून टांगा.

पैशाचं काय

खरं सांगायचं तर फार पैसे वाचत नाहीत. गव्हात किलोमागे थोडे वाचतात, तिखटात बऱ्यापैकी, कुरडईत वेळ धरला तर तोटाच. मात्र जुलैत डाळ भडकते तेव्हा आमच्या घरात चर्चा होत नाही. आणि तिखटात काय आहे ते मला ठाऊक असतं.

भाद्रपदानंतर

पाऊस ओसरला की कोठ्या उघडा. ऑक्टोबरच्या उन्हाचा पहिला कोरडा आठवडा साधून उरलेला गहू, ज्वारी, तिखट, कुरडया यांना एकेक उन्ह द्या, पुन्हा गार करून भरा. एखादा टोका (धान्यातला किडा) दिसला तर घाबरून सगळं टाकू नका. चाळून, उन्ह देऊन तो गहू आधी दळायला लावा. जाळी धरलेला, पिठूळ झालेला मात्र टाका.

मग वही काढा आणि काय उरलं, काय कमी पडलं ते लिहून ठेवा. आमच्या यंदाच्या पानावर आहे: तूरडाळ २ किलो उरली, पुढल्या वेळी ६ घेणे. ज्वारी ऑगस्टअखेर संपली. ब्याडगी फेब्रुवारीतच घेणे. भुसवड्यांना मीठ जास्त. त्याखाली आईनं थरथरत्या अक्षरात एक ओळ घातली आहे: गहू गार करून भरला, बरा राहिला.